एकोणीस दिवसांत काय बदललं?

२०२२ च्या मार्चमध्ये ओदेसाच्या किनाऱ्यावर साधी माणसं वाळूच्या पिशव्या भरताना साऱ्या जगाने पाहिली. रशियन आरमार आज सैन्य उतरवतं की उद्या, अशी ती वेळ होती. तेव्हापासून एक जुना प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला आहे. शत्रूच्या जहाजांनी धाड घातली तर किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी, दुकानदारांनी, शिक्षकांनी हत्यार हाती घ्यावं का? त्यासाठी त्यांना आधीपासून शिकवून तयार ठेवावं का? तैवानने २०२४ पासून सक्तीची लष्करी सेवा चार महिन्यांवरून वर्षभरावर नेली आणि तिथे हा वाद तापला. बाल्टिक समुद्राकाठच्या देशांत तर तो कधी पुरता थांबलाच नव्हता. वाद व्हायलाच हवा. पण तो ज्या तऱ्हेने चालला आहे त्याने मी अस्वस्थ होतो, कारण हा माणसांच्या जिवाचा हिशेब आहे आणि दोन्ही बाजू तो चुकीच्या वहीत मांडत आहेत.

एक बाजू म्हणते, गावकऱ्यांची शिबंदी, म्हणजे नागरी फौज, पळून जाते. पुरावा म्हणून १८१२ साली सुरू झालेल्या अमेरिका-ब्रिटन युद्धातलं, १८१४ सालचं ब्लेडन्सबर्ग पुढे केलं जातं. तिथे अमेरिकेची नागरी फौज मैदान सोडून पळाली आणि त्याच रात्री ब्रिटिशांनी वॉशिंग्टन जाळलं. दुसरी बाजू एकट्याने तोफ डागणाऱ्या म्हाताऱ्यांच्या आणि काट्याची दाताळी घेऊन शत्रूला पकडणाऱ्या बायकांच्या गोष्टी सांगते. दोघांचं मोजमाप एकच आहे: लढाई कोण जिंकलं? माझं म्हणणं असं की किनाऱ्यावरच्या शिबंदीला हे माप लावताच येत नाही. धाडीचा हिशेब बिघडवणं हे तिचं काम असतं. धाड महाग झाली, उशिराची झाली, अर्धवट सोडावी लागली, की तिचं काम झालं. मात्र हे तिला जमतं ते आधीची तयारी, ठाऊक असलेला हुकूम आणि पाठीशी नियमित सैन्य असेल तेव्हाच. यातलं काहीच न देता लोकांना किनाऱ्यावर उभं करणं म्हणजे त्यांचा घात करणं आहे.

सुरुवात विरोधी बाजूच्या सर्वांत बळकट मुद्द्यापासून करतो, कारण तो हलका नाही. त्याच युद्धात, १८१३ च्या वसंतात, ब्रिटिश रिअर अॅडमिरल जॉर्ज कॉकबर्न अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीकच्या उपसागरात शिरला तेव्हा त्याने एक साधा नियम लावला. जे गाव हत्यार उचलणार नाही त्याच्या धान्याचे आणि गुरांचे पैसे मिळतील. जे गोळी झाडेल ते जळेल. ३ मे रोजी हावर द ग्रास या गावाने झेंडा उभारला, तोफा डागल्या. धाड येताच बहुतेक शिबंदी पांगली. जॉन ओ'नील नावाचा आयर्लंडमध्ये जन्मलेला गृहस्थ तोफ उलटून पाय दुखावेपर्यंत एकटा लढत राहिला आणि पकडला गेला. गावातली बहुतेक घरं जळाली. तीनच दिवसांनी सॅसाफ्रास नदीवरच्या जॉर्जटाउन आणि फ्रेडरिकटाउन या गावांचीही तीच गत झाली. आसपासच्या गावांनी धडा घेतला आणि आम्ही तोफा ठेवणार नाही, शिबंदी जमू देणार नाही, असे निरोप कॉकबर्नकडे पाठवले. त्या गावकऱ्यांना भ्याड म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे का? मला तरी तो नाही. घरात तान्हं मूल आणि खाडीत पन्नास होड्या असताना माणूस जो निर्णय घेतो, त्याला दोनशे वर्षांनंतर घरी बसून नावं ठेवणं सोपं आहे.

तरीही या मुद्द्यात एक गृहीत लपलेलं आहे: नमतं घेतलं की शत्रू हात आखडतो. हा भरवसा कोणाच्या शब्दावर? शत्रूच्याच. आणि शत्रूचा शब्द त्याच्या सोयीने बदलतो. १८५४ मध्ये क्रिमियन युद्धाच्या वेळी ब्रिटिश आरमाराची एक तुकडी फिनलंडच्या किनाऱ्यावर फिरत होती. तेव्हा फिनलंड रशियाच्या ताब्यात होतं. राहे आणि ओलू या बंदरांनी प्रतिकार केला नाही. तरीही तिथली जहाजं, लाकूड आणि डांबराची कोठारं जाळली गेली, आणि त्यातला काही माल ब्रिटिश व्यापाऱ्यांनीच घेऊन ठेवलेला होता. पुढच्याच आठवड्यात, ७ जूनला, ती तुकडी कोक्कोला गावापाशी आली. इथे थोडे सैनिक आणि बंदूक चालवू शकणारे गावकरी किनाऱ्यालगतच्या वखारींच्या आडोशाला दबा धरून बसले होते. होड्या जवळ आल्यावर त्यांनी गोळीबार केला. ब्रिटिशांना माणसं गमावून परतावं लागलं आणि त्यांची एक होडी मागे राहिली. ती आजही कोक्कोलात जपून ठेवलेली आहे. एकाच किनाऱ्यावरच्या, एकाच आठवड्यातल्या या घटना आहेत. न लढलेली गावं जळाली, लढलेलं वाचलं. यातून 'लढलं की वाचतंच' असा नियम निघत नाही. हावर द ग्रासच्या राखेने तो आधीच खोटा ठरवला आहे. पण 'नमलं की वाचतंच' हाही नियम निघत नाही, एवढं नक्की.

आणि नमणाऱ्या गावाने शत्रूला जे विकलं, त्याचा विचार कोणी करायचा? इथे धाडीचं यंत्र कसं चालतं ते नीट समजून घ्यावं लागतं. शिडाच्या काळातल्या चौऱ्याहत्तर तोफांच्या जहाजावर पाच-सहाशे माणसं असत. त्यांना रोज गोडं पाणी लागे, ताजं मांस लागे, चुलीला लाकूड लागे. स्वतःच्या देशापासून तीन हजार मैलांवर नाकेबंदी करून बसलेल्या ताफ्याला हे सगळं समोरच्या किनाऱ्यावरूनच मिळवावं लागे. त्या जहाजाचं बूड इतकं खोल की ते उथळ खाड्यांत शिरू शकत नसे. म्हणून माणसं होड्यांत उतरत आणि वल्ही मारत येत. भरती-ओहोटी त्यांच्या हाती नसे, चिखल कुठे आहे ते ठाऊक नसे, वाटाड्या मिळेलच याची खात्री नसे. जहाजाच्या तोफांच्या छत्रातून बाहेर पडल्यापासून परत येईपर्यंतचे ते काही तास ही धाडीची दुखरी नस असते. जो झाडामागून चार गोळ्या झाडतो तो लढाई जिंकत नाही. पण पुढच्या वेळी पाण्याची पिंपं भरायला वीसऐवजी दोनशे माणसं पाठवावी लागतात. त्या दोनशेंना जास्त होड्या लागतात, जास्त वेळ लागतो, जास्त जोखीम घ्यावी लागते. ज्या गावाने गुरं विकून स्वतःला वाचवलं त्याने ताफ्याचा मुक्काम लांबवला, आणि त्या लांबलेल्या मुक्कामाची किंमत शेजारच्या गावाने मोजली. हे त्या गावावर दोषारोप म्हणून सांगत नाही. 'प्रत्येक गावाने आपापलं बघावं' हे धोरण किनाऱ्याला का परवडत नाही, एवढंच यातून दिसतं.

जून १८१३ मध्ये नॉरफोकच्या तोंडावरच्या क्रेनी बेटावर हे उघड झालं. बेटावर सुमारे सातशे माणसं होती. बहुतेक व्हर्जिनियाची शिबंदी, पण तिच्या जोडीला 'कॉन्स्टलेशन' या अडकून पडलेल्या अमेरिकन युद्धनौकेचे खलाशी आणि नौसैनिक तोफांवर होते. ब्रिटिश होड्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर चिखलात रुतल्या आणि तोफांच्या माऱ्यात सापडल्या. हल्ला फसला. शिबंदी, नियमित खलाशी, नीट मांडलेल्या तोफा आणि पायाखालचा ठाऊक असलेला चिखल: यातलं एक काढून घेतलं असतं तर निकाल वेगळा लागला असता. पुढेही एक कडवट गोष्ट आहे, ती टाळता येत नाही. तीनच दिवसांनी ब्रिटिशांनी जवळच्या हॅम्प्टन गावावर हल्ला केला आणि तिथे लुटालूट आणि बायकांवर अत्याचार झाले. क्रेनी बेटाचा विजय सांगताना हॅम्प्टन न सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

आता ब्लेडन्सबर्ग. २४ ऑगस्ट १८१४ ला तिथे सहा हजारांच्या आसपास अमेरिकन उभे होते, बहुतेक शिबंदीचे. समोर सुमारे साडेचार हजार ब्रिटिश, त्यांत युरोपातल्या युद्धात मुरलेले सैनिक. रॉकेटं डोक्यावरून जाऊ लागली, पहिल्या फळ्या मोडल्या आणि पळापळ झाली. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. पण बारा सप्टेंबरला, म्हणजे फक्त एकोणीस दिवसांनी, बाल्टिमोरजवळ नॉर्थ पॉइंटला त्याच मेरीलँडची शिबंदी त्याच ब्रिटिश सैन्यासमोर उभी राहिली. पाचवी मेरीलँड रेजिमेंट तर दोन्ही ठिकाणी होती. ब्लेडन्सबर्गला मागे हटलेली हीच माणसं नॉर्थ पॉइंटला ठरल्या वेळेपर्यंत टिकली आणि मग हुकूम मिळाल्यावर मागे आली. एकोणीस दिवसांत माणसांचं रक्त बदलतं का? भित्रे शूर होतात का?

बदललं ते माणसांभोवतीचं सगळं. वॉशिंग्टनच्या बाबतीत युद्धमंत्री जॉन आर्मस्ट्राँग यांची ठाम समजूत होती की ब्रिटिश राजधानीकडे येणारच नाहीत, आणि शिबंदी ऐन वेळी बोलावलेलीच बरी. त्यामुळे कित्येक तुकड्या ऑगस्टच्या उन्हात चालत, थकलेल्या अवस्थेत आदल्या रात्री पोचल्या. सेनापती विंडर यांनी लावलेली रचना परराष्ट्रमंत्री जेम्स मन्रो यांनी ऐन वेळी बदलली. पाचवी रेजिमेंट इतकी मागे नेली की पुढच्या फळीला तिचा आधारच उरला नाही. कोणासाठी, किती वेळ आणि कुठवर टिकायचं, हे त्या माणसांना कोणी सांगितलंच नव्हतं. बाल्टिमोरला सॅम्युअल स्मिथ १८१३ पासून तयारीला लागले होते. शहराने स्वतःची समिती नेमली, पैसा उभा केला, पाळ्या लावून नागरिकांनी खंदक खणले, बंदराच्या तोंडाशी जहाजं बुडवली. नॉर्थ पॉइंटवर जॉन स्ट्रिकर यांच्या तीन हजार माणसांना दिलेलं काम मोजकं होतं: शत्रूला अडवा, वेळ काढा, मग मागे या. त्या दिवशीही एक्कावन्नावी रेजिमेंट पळाली, हे लपवायचं कारण नाही. मैदानही शेवटी ब्रिटिशांच्याच हाती राहिलं. पण त्यांचा सेनापती रॉबर्ट रॉस मुख्य लढाईआधीच्या चकमकीत पडला होता, दिवस गेला होता, आणि पुढे हॅम्पस्टेड टेकडीवर दहा हजारांहून जास्त माणसं मातीच्या तटामागे वाट पाहत होती. बंदरातला फोर्ट मॅकहेन्री पंचवीस तासांच्या माऱ्यानंतरही पडला नाही, तेव्हा ब्रिटिश परत फिरले. निव्वळ 'कोण जिंकलं' हे माप लावलं तर नॉर्थ पॉइंट हा शिबंदीचा पराभवच ठरतो. बाल्टिमोर मात्र जळालं नाही.

ब्लेडन्सबर्गच्याच मैदानावर कोण टिकलं, हेही पाहा. जोशुआ बार्नी यांचे खलाशी आणि नौसैनिक सगळे पांगल्यावरही तोफांपाशी उभे होते. त्या खलाशांत याच उपसागरात, याच बंदरांत वाढलेले लोक होते आणि काळे खलाशीही होते. तेही स्थानिकच म्हणायचे. फरक इतकाच की महिनोन्‌महिने ते एकत्र राहिले होते, एकाच नायकाच्या हाताखाली लढले होते आणि शेजारचा माणूस आपल्याला सोडून जाणार नाही हे त्यांना माहीत होतं. म्हणून 'स्थानिक विरुद्ध नियमित' ही मांडणीच मला खोटी वाटते. खरी विभागणी तयार आणि बिनतयार अशी आहे.

बाल्टिमोरच्या बारा दिवस आधी पलीकडच्या काठावर कॉक्स फील्डला एक छोटी चकमक झाली. ३१ ऑगस्टच्या चांदण्या रात्री 'मेनेलॉस' जहाजाचा कप्तान सर पीटर पार्कर शिबंदीची छावणी गाठायला माणसं घेऊन उतरला. शिबंदीचा नायक फिलिप रीड हा अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध पाहिलेला जुना सैनिक. त्याला चाहूल लागली आणि त्याने स्वतःच्या सोयीची जागा निवडली. पार्करसह चौदा ब्रिटिश मेले, रीडची फक्त तीन माणसं जखमी झाली. पण रीडच्या लोकांची काडतुसं संपत आली होती. लढाई आणखी थोडी लांबली असती तर गोष्ट निराळी सांगावी लागली असती. विजयातही तयारीची कमतरता कशी डोकावते, ते इथे दिसतं. दंतकथांत ती दिसत नाही. त्याच काठावरच्या सेंट मायकल्स गावाच्या लोकांनी झाडांवर कंदील टांगून ब्रिटिश तोफांचा नेम चुकवला, ही गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. गावाची खरी ढाल होती खाडीच्या तोंडाशी आधीच रचलेला तोफांचा मोर्चा. कंदिलाची गोष्ट सांगितली की मोर्चा रचणाऱ्यांचे घामाचे दिवस विसरले जातात, आणि पुढच्या पिढीला वाटतं की ऐन वेळी युक्ती सुचेल.

विरोधकांचा दुसरा मुद्दा मी जवळपास पूर्णच मान्य करतो. ज्याचं आरमार त्याचा समुद्र. १६ डिसेंबर १९१४ ला जर्मन युद्धनौकांनी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या स्कारबरो, व्हिटबी आणि हार्टलपूल या गावांवर तोफा डागल्या. शंभराहून अधिक माणसं मेली. मैलांवरून येणाऱ्या गोळ्यांपुढे किनाऱ्यावरचा बंदूकधारी काय करणार? आज क्षेपणास्त्रं आणि ड्रोन आहेत, तेव्हा हा प्रश्न आणखी टोकदार झाला आहे. इतकंच काय, शिबंदीचं नाव घेऊन आरमारावरचा खर्च वाचवणारे राज्यकर्तेही झाले. थॉमस जेफरसन यांच्या कारकिर्दीत अमेरिकेने मोठ्या जहाजांऐवजी दीडशेहून अधिक छोट्या तोफबोटी बांधल्या, आणि किनाऱ्याचं रक्षण त्या बोटी व नागरी फौज करतील असं ठरवलं. युद्ध आलं तेव्हा चेसापीक उघडा पडला. शिबंदी हा आरमाराला पर्याय आहे असं कोणी सांगत असेल तर तो स्वतःच्या तिजोरीसाठी दुसऱ्याची मुलं गहाण टाकतो आहे.

पण तोफांच्या माऱ्यात बंदूक निरुपयोगी ठरते म्हणून लोकांची संघटनाच निरुपयोगी ठरते का? गोळे पडत असताना म्हाताऱ्यांना कुठल्या रस्त्याने हलवायचं, आग कोणी विझवायची, धोक्याची सूचना किती मिनिटांत शेवटच्या वाडीपर्यंत पोचायची, किनाऱ्यावर दिसलेली अनोळखी बोट कोणाला कळवायची, हे सगळं शिबंदीच्याच कामात येतं. एप्रिल १८१४ मध्ये ब्रिटिशांच्या एका छोट्या तुकडीने कनेटिकट नदीतून आत येऊन पेटिपॉगला सत्तावीस जहाजं जाळली. आजूबाजूची शिबंदी पुरेशी जमेपर्यंत नुकसान होऊन गेलं होतं. त्याच कनेटिकट राज्यातल्या स्टोनिंग्टनला ऑगस्टमध्ये ब्रिटिश कप्तान टॉमस हार्डीने तासाभराची मुदत दिली. गावाने त्या तासात बायका-मुलं हलवली आणि दोन अठरापौंडी तोफांपाशी माणसं उभी केली. चार दिवसांनी हार्डी निघून गेला. तोफा तशा मूठभरच होत्या. कामाला आला तो नेमका वापरलेला एक तास.

भीतीचाही हिशेब करायला हवा. फेब्रुवारी १७९७ मध्ये वेल्समधल्या फिशगार्डला चौदाशे फ्रेंच उतरले. लॉर्ड कॉडर यांच्या पाचशे-सहाशे स्थानिक स्वयंसेवक, शिबंदी आणि खलाशांपुढे त्यांनी दोन दिवसांत हत्यारं टाकली. लढाई म्हणावी असं फारसं काही झालंच नाही. तरी बातमीने देशभर धसका बसला, लोक सोनं काढून घ्यायला धावले आणि बँक ऑफ इंग्लंडला नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबवावं लागलं. बँकेची गंगाजळी आधीच आटत आली होती, धाडीने शेवटचा धक्का दिला. धाड किनाऱ्यावर पडते, पण तिचा खरा नेम आतल्या शहरांवर असतो. किनारा सावरलेला आहे ही खात्री ही त्यावरची एक ढाल आहे.

मग कायद्याचा प्रश्न उरतो. बिनगणवेशाचा माणूस गोळी झाडतो तेव्हा शत्रू त्याला सैनिक मानेल की दरोडेखोर? १९०७ च्या हेग नियमांनी, म्हणजे युद्धाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी, शिबंदीसाठी अटी घातल्या: जबाबदार नायक, लांबून ओळखू येणारी खूण, उघडपणे बाळगलेलं हत्यार, युद्धनियमांचं पालन. शत्रू चालून येत असताना संघटित व्हायला वेळच न मिळालेल्या लोकांनाही, त्यांनी हत्यार उघड बाळगलं आणि नियम पाळले तर, योद्ध्याचा दर्जा आहे. म्हणजे कायदाही तयारीच मागतो. दंडावरची पट्टी शांततेतच शिवून ठेवावी लागते.

एक मुद्दा मात्र दोन्ही बाजूंच्या लेखांत मला जवळजवळ दिसतच नाही. शिबंदी 'गावाचं' रक्षण करते म्हणतो, तेव्हा गाव म्हणजे कोण? व्हर्जिनिया आणि मेरीलँडच्या शिबंदीला ब्रिटिशांइतकीच चिंता स्वतःच्या मळ्यांतल्या गुलामांची होती. माणसं किनाऱ्यावर उभी करायची की गुलामांवर पहारा ठेवायला घरी, हा तिच्यापुढचा रोजचा पेच होता. २ एप्रिल १८१४ ला ब्रिटिश अॅडमिरल कॉक्रन यांनी जाहीर केलं की जे अमेरिका सोडून येतील त्यांना ब्रिटिश सैन्यात नोकरी किंवा वसाहतींत स्वतंत्र माणूस म्हणून वस्ती मिळेल. गुलाम हा शब्दही त्यात नव्हता, पण कोणासाठी आहे ते सगळ्यांना कळलं. हजारो माणसं रात्री होड्या वल्हवत त्या जहाजांकडे गेली. खाड्या, पायवाटा, कुठे कोणाची छावणी आहे, हे सगळं त्यांना पाठ होतं. जे ज्ञान किनाऱ्याची ढाल ठरायचं तेच शत्रूचं वाटाड्यापण करू लागलं. त्यांच्यातल्या काहीशे पुरुषांना उपसागरातल्या टँजिअर बेटावर कवायत देऊन 'कलोनियल मरीन्स' ही तुकडी उभी राहिली आणि ती ब्लेडन्सबर्गला व नॉर्थ पॉइंटला ब्रिटिशांचा लाल डगला घालून लढली. त्यांना फितूर म्हणणारे तेव्हाही होते. ज्या गावाने त्यांना माणसांत मोजलंच नाही, त्याच्याशी त्यांनी फितुरी केली म्हणायची?

आज किनाऱ्यावरच्या लोकांना तयार करा म्हणणाऱ्यांनी आणि त्याला विरोध करणाऱ्यांनी, दोघांनीही, त्या यादीत कोणाची नावं नाहीत हे आधी पाहावं. दुसरी भाषा बोलणारे, दुसऱ्या देशातून मासेमारीच्या बोटींवर कामाला आलेले, ज्यांच्याकडे सरकार संशयाने बघतं असे. कोक्कोलाच्या वखारीआड आणि स्टोनिंग्टनच्या तोफांपाशी जे उभे राहिले त्यांच्यापाशी वाचवण्यासारखं स्वतःचं काही होतं. चेसापीकच्या मळ्यांतल्या माणसांपाशी ते नव्हतं. युद्ध संपल्यावर, १८१६ मध्ये, 'कलोनियल मरीन्स'ना ब्रिटिशांनी त्रिनिदादच्या दक्षिणेत वसवलं आणि प्रत्येक कुटुंबाला सोळा एकर जमीन दिली. पलटणीतल्या कंपन्यांप्रमाणे त्यांची गावं वसली. त्यांतल्या काही गावांची नावं अजूनही तीच आहेत: थर्ड कंपनी, फिफ्थ कंपनी, सिक्स्थ कंपनी.